एक वाटी तूर अन् एक गाठ ज्वारी

५ मे, रविवार

आत्या,

तू तुह्या सुनेच्या, निशिगंधा वयनीच्या फोनवर म्हनली, "त्या पोट्टीचा आवाज मले ऐकाचा नाही." आवाजाचं म्हनली. अक्षराचं काही म्हनली नाही. म्हणून पत्र.

तुह्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तर वयनीच वाचून दाखवतीन. वयनी, सरळ वाचजा, मधात हासू नका. माह्या अक्षराले नावंही ठेवू नका. मी नर्सरीपासून इंग्लिश मीडियमची. शाळेत एकच पत्र शिकली, ताप आला म्हणून हेडमास्तरले सुट्टी मागाचं. त्याच्या शेवटी 'तुमची आज्ञाधारक' लिवा लागे. ते इथं लिवलं तर आत्या पत्र चुलीत टाकन.

गुडघे कसे आहेत? तुहा भाऊ ठीक आहे. बाबा रोज सकाळी फोन हातात घेते, तुहा नंबर काढते, पाहात बसते, अन् मंग हवामान पाहून फोन ठेवून देते. आईनं विचारलं, "पाऊस आहे का?" तर म्हने, "मे महिना आहे." आमच्या घरी असं चालून राह्यलं.

आता कामाचं. मले आजीच्या तुरीचं बी पाहिजे.

थांब. वयनी, वाचत राहा, आत्या उठून गेली तरी मागं मागं जाऊन वाचा.

गेल्या वर्षी तू मडक्यातलं अर्धं बी मले दिलं होतं. ते फुलावर आलं अन् उभ्या उभ्या सुकलं, मर लागली. मले वाईट वाटत नाही असं तुले वाटते का? पण पाऊस कसा पडला होता, तुले मालूम आहे. वावरात आठ दिवस पानी. कोनतंच बी टिकलं नसतं. अन् त्या व्हिडिओत मी जे म्हनली, की जुन्या बियाण्यात आता दम राह्यला नाही, ते मी जनरल म्हनली होती. तुहं नाव घेतलं नव्हतं. चारशे लोकायनं पाह्यला तो, त्यात शंभर वेळा तर मीच होती.

तू वावर ठोक्यानं, वर्षाच्या भाड्यानं देऊन टाकलं, त्यात सोयाबीन. म्हणजे राखेच्या मडक्यात उरलेल्या बियाले जमीनच नाही. त्याचं हे तिसरं वर्ष. यंदा पेरलं नाही तर पुढच्या वर्षी ते उगवन याचा काही भरोसा नाही. आपल्या अख्ख्या खानदानात ते बी फक्त तुह्या मडक्यात आहे. ते गेलं की आजीची तूर गेली, ते एका उकळीत शिजनारं वरन गेलं.

मले यंदा दुकानातल्या बुरशीनाशकाशिवाय करून पाहाचं आहे. मातीतल्या वाईट बुरशीले चांगली बुरशी खाते, असं. कॉलेजात शिकली मी. एकदा दे.

समीक्षा


२३ मे, गुरुवार

आत्या,

वयनीचा मेसेज आला. तू सुपारी कातरत सगळं ऐकलं, अन् म्हनली, "खोटं लिवते. पाऊस काय तिच्याच वावरात पडला होता?"

बरं. खरं सांगते. बाबालेही नाही सांगतलं अजून.

ट्रायकोडर्मा म्हणून एक हिरवी भुकटी येते. ती जिवंत बुरशी आहे, पण आपल्या बाजूची. बियाले लावली की मुळाच्या भोवती राहाले जाते, अन् मर आननाऱ्या बुरशीले तिथं बसू देत नाही. विरजणासारखं समज. थोडंसं टाकाचं, मंग ते आपलं आपण वाढते.

तर गेल्या वर्षी मी एका घमेल्यात तुहं बी घेतलं, गुळाचं पानी शिंपडलं, अन् ती हिरवी भुकटी चोळली. मंग वाटलं, रिस्क कायले घ्या? दुकानातून बुरशीनाशकाची गुलाबी पावडर आनली होती बाबानं. तीही चोळली. म्हनलं एकापेक्षा दोन चौकीदार बरे.

आत्या, त्या गुलाबी पावडरीले आपला कोन, दुसऱ्याचा कोन समजत नाही. बुरशी दिसली की मारते. तिनं पह्यले माही हिरवीच मारली. अन् चार महिन्यानं मर आली तोवर तिचाही जोर सरला होता. म्हणजे मी दुधाले विरजण लावलं अन् पातेलं परत गॅसवर ठेवलं.

हे मले कधी समजलं, तेही सांगते. व्हिडिओ टाकाच्या आदल्या दिवशी. आमच्या कॉलेजच्या मॅडमले फोन केलता, त्यायनं विचारलं, "दोन्ही सोबत लावलं का गं?" मी म्हनली, नाही मॅडम. अन् दुसऱ्या दिवशी सुकलेल्या झाडाजवळ उभी राहून बियाण्यात दम नाही म्हनली. मले मालूम होतं तरी म्हनली. मोबाईलसमोर बियाले नावं ठेवनं सोपं होतं. बी काही बोलत नाही.

तू वयनीजवळ हेही म्हनली, "जिथं बोलली तिथंच सांग." काल संध्याकाळी सांगतलं. जुना व्हिडिओ काढला, नवा टाकला, त्याच वावरात उभी राहून. चूक माही होती, बी चांगलं होतं, एवढंच. एकोणचाळीस लोकायनं पाह्यला. त्यात बाबा होते. रात्री जेवताना त्यायनं माह्या ताटात अर्धी भाकर जास्त टाकली.

आता देनं न देनं तुह्यावर आहे.

समीक्षा


२४ जून, सोमवार

आत्या,

मिळालं.

वयनीचा भाऊ नयन पुसदले ड्युटीवर येते, त्याच्या डब्याच्या पिशवीत तुह्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता. त्याच्यात एक वाटी तूर, राखेसकट. अन् कोपऱ्यात वेगळी गाठ मारून ज्वारी. नयनभाऊ म्हने, "मावशीनं सांगतलं, दोन तासं, म्हणजे दोन ओळी तुरीच्या, मंग एक तास ज्वारीचं. सगळीकडं. अन् हेही सांगतलं, की बाकीचं बी मडक्यातच आहे, हे वाया गेलं तर ते मी खाईन पण तिले देनार नाही."

म्हणजे तुले माह्यावर एका वाटीएवढा भरोसा आहे. चालते.

आता गंमत ऐक. मी मे महिन्यातच लिंबाच्या झाडाखाली शेणखताचा ढीग केलता. त्यात ती हिरवी भुकटी कालवली, वरून ओलं बारदान झाकलं, रोज पानी शिंपडलं. पेरायच्या वेळी तासात ते खत टाकाचं होतं. बाराव्या दिवशी बारदान उचललं तर पांढरी-हिरवी बुरशी, गादीसारखी. मी इतकी खुश झाली की फोटो काढून वर्गातल्या सगळ्या पोरीयले पाठवले. अन् पुसदले गेली.

संध्याकाळी आली तर ढीग नाही. आई म्हने, "समीक्षा, तुहं खत नासलं वं. लोणच्यावानी बुरशी आली होती. मी पाह्यलं म्हणून बरं, नाही तर सगळंच गेलं असतं."

"मंग?"

"मंग काय, ताडपत्रीवर पसरून दिलं उन्हात. दिवसभर चांगलं कडक ऊन खाल्लं त्यानं. एक बुरशी राह्यली नाही, पाहून घे."

आत्या, खरंच एक राह्यली नव्हती. मी तिथंच बसली. आईले समजेचना की पोरगी रडून राह्यली की हासून राह्यली. तिच्या पापडाले, लोणच्याले, शेवयाले कधी बुरशी लागली नाही हे तुले मालूमच आहे. अशा बाईच्या घरी मी बुरशी पाळाले निघाली होती.

बाबानं ऐकलं अन् लिंबाखाली जाऊन हातानं माती उकरली. एक टोपलं खत तिथंच राह्यलं होतं, आईले जड झालं म्हणून तिनं सोडलं होतं. बाबा म्हने, "विरजण आहे ना? मंग परत लाव." त्याच टोपल्यानं नवा ढीग केला. आता आई रोज संध्याकाळी बारदान वर करून पाहते अन् शेजारच्या बायायले दाखवते, "अशी यायले पाहिजेन."

बियाले या वक्ती फक्त गूळपानी अन् हिरवी भुकटी. सावलीत सुकवलं. काल टोकलं. पलीकडच्या तांड्यातले पूनमसिंगकाका दोन वावराच्या मधच्या धुऱ्यावर उभे होते. ज्वारी पाहून म्हने, "मॅडम, पाखरायले जेवण सांगतलं का?"

तू सांगतलं तसं पेरलं. काळजी करू नको.

समीक्षा


८ सप्टेंबर, रविवार

आत्या,

सातशे झाडं उभी आहेत. कमरेच्या वर. तुहं बी तीन वर्षाचं म्हातारं झालं तरी शंभरातलं साठ-सत्तर उगवलं. रोज सकाळी मी तासातून चक्कर मारते, बाबा म्हनते ही पोलीस पाटलासारखी फिरते.

मागच्या आठवड्यात पानी लय झालं. खालच्या अंगाले दोन दिवस डबकं होतं. पूनमसिंगकाकाच्या तुरीत एक-दोन झाडं माना टाकून राह्यली आहेत. त्यायच्या वावराची अन् आमच्या वावराची माती एकच. मले झोप लागत नाही असं नाही, लागते, पण उठल्यावर पह्यलं तेच आठवते.

अन् एक सांगाचं आहे. वयनी, हे जरा हळू आवाजात वाचा.

मी तू सांगतलं तसं पेरलं नाही. अर्ध्यात पेरलं. धुऱ्याच्या बाजूच्या अर्ध्या तुकड्यात दोन तासं तूर, एक तास ज्वारी. दुसऱ्या अर्ध्यात नुसती तूर. हिरवी भुकटी अन् खत दोन्हीकडं सारखं.

काहून केलं? मले ट्रायल कराची होती. माह्या डोक्यात होतं की काम भुकटी करनार, ज्वारी म्हणजे आत्याची जुनी सवय आहे, हुरडा खाचा असन तिले. ज्वारी उंच वाढन, तुरीवर सावली पाडन, फोटो चांगला येनार नाही. हे शेवटचं कारण लिवाचं नव्हतं, पण तू म्हनली होती खोटं लिवते, म्हणून लिवलं.

आता पेरणी तर उलटत नाही. जे होईन ते तुले कळवीन. दोन्हीकडचं.

समीक्षा


११ नोव्हेंबर, सोमवार

आत्या,

मर आली.

ज्या झाडाले संध्याकाळपर्यंत फुलं होती ते सकाळी मान टाकून. पानं पिवळी नाही, तशीच हिरवी, पण लोंबलेली. खोड चिरून पाह्यलं तर आत काळी रेघ, मुळापासून वर चढत गेलेली. मी ती खोडं हातात घेऊन धुऱ्यावर बसली होती. पूनमसिंगकाका आले. या वक्ती मॅडम म्हनले नाही. म्हने, "चल बेटा, मोजू."

दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा त्यायनं एकट्यानं मोजलं.

नुसत्या तुरीच्या अर्ध्यात साडेतीनशेपैकी शहाण्णव झाडं गेली. ज्वारीच्या अर्ध्यात साडेतीनशेपैकी एकवीस.

मी म्हनली, "काका, बरोबर मोजलं ना?" ते म्हने, "आमच्या तांड्यात पह्यले तूर एकटी पेरतच नव्हते. ज्वारी पाहिजेच. सोयाबीन आलं अन् ज्वारी गेली. काहून पेरत होते ते कोनी विचारलं नाही, काहून सोडली तेही कोनी विचारलं नाही."

घरी येऊन मी कॉलेजची वही काढली. तिसऱ्या वर्षाची. आत्या, त्याच्यात माह्याच अक्षरात लिवलेलं आहे. तुरीवरच्या मर रोगाचे उपाय, मुद्दा नंबर चार, ज्वारीचं आंतरपीक घेणे, ज्वारीच्या मुळातून जे झिरपते त्यानं मर आननारी बुरशी दबते. खाली लाल पेनानं रेघ मारलेली. परीक्षेत आलं होतं ते, दोन मार्काले. मले दोनपैकी दोन भेटले.

हे सगळं मले इंग्लिशमध्ये पाठ होतं. ज्वारी म्हणजे काय तेही मालूम होतं. पण वहीतली ज्वारी वेगळी अन् तुह्या लुगड्याच्या गाठीतली वेगळी, असं मले वाटे. एक सायन्स अन् एक आत्या.

अजून तीन आठवडे तरी धोका आहे. सुकलेली झाडं मुळासकट उपटून दूर नेऊन जाळली. खत परत टाकलं, आईनं स्वतः डोक्यावर टोपलं आनलं. वाचली तर ज्वारीच्या अर्ध्यातल्याच चांगल्या झाडाचं बी ठेवीन. नाही वाचली तर मडक्यातलं तू खाऊन घेजो, मी मागनार नाही.

समीक्षा


१९ जानेवारी, रविवार

आत्या,

वाचली.

अर्धं पोतं तूर झाली. मागच्या पत्रानंतर ज्वारीकडची अजून नऊ झाडं गेली, नुसत्या तुरीकडची किती गेली ते वयनीले फोनवर सांगतलं आहे, परत लिवत नाही. शेंगा तोडून वेगळ्या बडवल्या. ज्वारीकडच्या निरोगी झाडाचं बी वेगळं काढलं, आईनं सुपानं पाखडलं, एकेक बारीक दाना बाजूले केला. पांढरा दाना अन् त्यावर तपकिरी डोळा, आजीच्या तुरीसारखाच. म्हणजे आजीचीच आहे, मी काहीही लिवते.

पूनमसिंगकाकानं दोन वाट्या मागतल्या. मी म्हनली, आत्याले विचारून देते. ते म्हने, "विचार. अन् ज्वारी किती लागते तेही विचार." पाखरायच्या जेवणाचं विसरले आता.

या पिशवीत दोन पायल्या बी आहे, राखेत. खाली एक गाठ ज्वारी आहे, तुही तुले वापस, चौपट करून. पाखरायनं खाऊनही एवढी उरली.

पिशवी नयनभाऊच्या हातानं पाठवनार होती. बाबा म्हने, "त्याले कायले तरास, मी जातो." म्हनली, मंग पह्यले फोन तर करा. फोन काढला, तुहा नंबर काढला, अन् हवामान पाह्यलं. मंग पांढरा सदरा घालून बसस्टँडवर गेले. म्हणजे हे पत्र वयनी वाचून राह्यल्या असतीन तर बाबा तिथंच दाराजवळच्या खुर्चीवर बसले असतीन. त्यायले चहात साखर कमी लागते आता.

माहा आवाज ऐकाचा की नाही ते तू ठरव. मले पत्र लिवाची सवय झाली आहे, आता काही अडत नाही.

समीक्षा


९ फेब्रुवारी, रविवार

समीक्षा,

निशिगंधा लिवून राह्यली, मी सांगून राह्यली. तिले म्हनलं, माह्या तोंडचं आहे तसं लिव, शुद्ध करू नको.

बी पोचलं. तुह्या बापाले आठ दिवस ठेवून घेतलं. पह्यल्या दिवशी तो बोलला नाही, मीही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "बाई, गुडघे कसे हायेत?" मी म्हनलं, "सव्वा वर्षानं विचारते का?" मंग झालं सुरू. तिसऱ्या दिवशी माह्यासंगं मोतीबिंदूच्या डाक्टरकडं आलता. एका डोळ्याचं आपरेशन पुढच्या महिन्यात आहे.

तुह्या बियातले वीस दाने मी ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवले. एकोणीस मोडले. विसावा आळशी निघाला. एवढं पुरे.

आता माहं ऐक. तू सगळं खरं लिवलं, जरा उशिरा लिवलं पण लिवलं. मीही एक सांगते.

गेल्या खेपेले तू बी न्याले आलती, तवा मोबाईल समोर धरून दोन घंटे बोलली. मी तीन वक्त तोंड उघडलं, ज्वारीचं सांगाले. तू तिन्ही वक्त म्हनली, "आत्या, थांब, रेकॉर्डिंग चालू आहे." मंग मी चूप बसली. मनात म्हनलं, जाऊ दे, शिकलेली हाये, पडू दे तोंडावर. तोंडावर तू नाही पडली वं, मायची तूर पडली. मी एक वाक्य बोलली असती तर अर्धी तरी उभी राह्यली असती. तुही पावडर जितकी गुन्हेगार, तितकं माहं तोंड. वरसभर मले तुहा आवाज ऐकाचा नव्हता, तो त्याच्यानं. तुहा आवाज आला का मले माहं चूप बसनं आठवे.

मोड पाह्यले त्या दिवशी मी मडकं रिकामं केलं. जुनं बी होतं ते राख धुवून वाळवलं, निशिगंधानं जात्यावर भरडलं, डाळ केली. जरा जास्त शिजवा लागली, म्हातारी झाली होती, पण चव तीच हाये. तुहा बाप दोन वाट्या नुसतं वरन पिला. बाकी डाळ तुह्यासाठी ठेवली हाये. मडक्यात आता तुहं बी भरलं.

पूनमसिंगले दे. मागते त्याले देच. एकाच मडक्यात ठेवलं म्हणून तर एवढा जीव टांगला होता.

येत्या रविवारी ये. तूप आनजो, इकडचं चांगलं भेटत नाही. मोबाईल आनला तरी चालन, या वक्ती मी बोलीन, तू नुसतं धरून बस. अन् एक पह्यलेच विचारते. ज्वारी कापल्यावर तिची धसकटं तू वावरातून उपटून फेकली ना, साफ दिसाले पाहिजेन म्हणून? मले मालूम होतं. मी तुह्या बापाजवळ म्हनलंच. ती ठेवाची असतात. कायले, ते पत्रात नाही सांगत. इथं बस, वरन खा, मंग सांगते.

शकुआत्या

(समीक्षा, मी निशिगंधा. धसकटांबद्दल मलाही सांगितलं नाही. दोन दिवस विचारून राह्यली. लवकर ये.)